मितभाषी बोलू लागला

मितभाषी बाजारात आला त्या वर्षी त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आलेली तक्रार एकच होती: यंत्र बोलत नाही.

कुपवाडच्या एका कारखानदारानं ते परत नेऊन दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, हे वाट दाखवायला दिलंय की शोभेला? विश्रामबागेतल्या एका बाईंनी कंपनीच्या पानावर सविस्तर लिहिलं, की माहेरी जाताना यंत्र सबंध रस्ताभर मुकाट बसून राहिलं, दारात गाडी थांबल्यावर नुसता हिरवा दिवा लावला. गप्प बसायला घरात नवरा आहे, त्यासाठी यंत्र कशाला घ्यायचं? आपण कुणाला न विचारता, एकही वळण न चुकता माहेरी पोचलो, ही गोष्ट त्या बाईंच्या ध्यानातच आली नव्हती. ती ध्यानात यायला बऱ्याच लोकांना वेळ लागला.

त्याचं कारण असं, की त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं सगळेच जण मोबाइलमधल्या बाईच्या हुकमतीखाली गाडी चालवत होते. ती डावीकडे म्हणाली की डावीकडे. तिनं कुणाच्या गोठ्यात नेऊन सोडलं, तर म्हैस समोर दिसेपर्यंत शंका यायची नाही. सख्ख्या बहिणीकडे वर्षानुवर्षं जाणारा माणूस फोनची बॅटरी उतरली की तिच्याच गल्लीच्या तोंडाशी हरवल्यासारखा उभा राहायचा. मध्यंतरी गाड्या आपल्या आपणच चालणार असंही फार ऐकू येत होतं. हमरस्त्यावर त्या चालू लागल्याही. पण तालुक्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली, शेरडं आणि लग्नाची वरात एकदम समोर आली, की ती शहाणी गाडी हात टेकायची आणि स्टिअरिंग पुन्हा माणसाच्या हातात यायचं. म्हणजे गाडी माणसानंच चालवायची, फक्त वाट त्याला माहीत नाही, अशी सगळी मजा होती.

मितभाषीच्या मागचं विज्ञान तसं साधं होतं. आपल्या मेंदूत, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक छोटासा भाग असतो. तिथे स्थानपेशी नावाच्या पेशी राहतात. आपण ओळखीच्या जागी पोचलो की त्यातल्या ठरावीक पेशी जाग्या होतात. पुढच्या कोपऱ्यावर दुसऱ्या, त्याच्या पुढच्या पारावर तिसऱ्या. असा प्रत्येकाच्या डोक्यात त्याचा त्याचा नकाशा तयार होत जातो. पण वाट शोधायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवलं की या पेशी आळसावतात आणि तो भाग हळूहळू आकसतो. उलट, माणसाला थोडं अडू दिलं, थोडं शोधू दिलं, आणि अगदीच अडला तेव्हाच मदत केली, तर तो पुन्हा भरून येतो. पुण्यातल्या काही संशोधकांनी नेमका हाच धागा पकडून हे यंत्र बनवलं.

साबणाच्या वडीएवढं यंत्र. रबरी वाटीनं पुढच्या काचेला चिकटवायचं, आणि दुसऱ्या गाडीत बसायचं असेल तर काढून खिशात घालायचं. त्याचा बारीक डोळा रस्त्याकडे कमी आणि चालकाकडे जास्त बघायचा. ओळखीचं वळण येणार असलं, की माणसाची नजर आधीच तिकडे जाते, त्याचं त्यालाही कळत नाही. अनोळखी वळण असलं की ती भिरभिरते, पाय ब्रेककडे सरकतो, स्टिअरिंगवरची पकड घट्ट होते. एवढ्यावरून मितभाषी ओळखायचा की याला वाट ठाऊक आहे की नाही. ठाऊक असेल तर तो गप्प. नुसती शंका असेल तरीही गप्प. माणूस खरोखरच हरवला, तरच तो तोंड उघडायचा.

वर्षभरात मग सगळंच पालटलं. ज्या लोकांनी तक्रारी केल्या होत्या, तेच आता मिशीवर ताव देत सांगू लागले, की आपला तर सणासुदीपासून बोललेलाच नाही. यंत्राचं गप्प बसणं ही मिरवायची गोष्ट झाली. मिरजेत मितभाषीवाल्यांचं एक मंडळच निघालं. इलाही शिकलगार यांच्या टायरच्या दुकानामागे ते जमायचं आणि चहा पिता पिता कुणाचा किती मुका झाला याची चर्चा करायचं.

या मंडळातला सगळ्यात मुका मितभाषी भरतेशआण्णा बिरनाळ्यांचा होता, आणि तो तसा असावा यात कुणालाच नवल वाटत नव्हतं. आण्णांचा धंदा शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवण्याचा. मिरजेपासून जतेपर्यंत अशी एक माध्यमिक शाळा नव्हती की जिच्या कपाटात आण्णांनी आणलेल्या परीक्षानळ्या नाहीत. मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेला प्लास्टिकचा हाडांचा सापळा घेऊन ते निघाले, की नाक्यावरचे पोलीसही आता दचकत नसत. मोबाइलमधल्या बाईला त्यांनी आयुष्यात कधी गाडीत घेतलं नाही. मितभाषी घेतला तो जावयानं भेट दिला म्हणून आणि मंडळात इलाहीभाईंचा चहा चांगला असतो म्हणून. तो पहिल्या दिवसापासून गप्प होता.

आण्णांचं आणखी एक घड्याळ होतं, सूर्याचं, आणि ते यंत्राहून कडक होतं. बिरनाळे घराणं जैन, आणि घरात सूर्य बुडाल्यावर अन्नपाणी नाही. आण्णा कुठल्याही शाळेत असोत, हेडमास्तर कितीही आग्रह करोत, दिवस कलायच्या आत त्यांची गाडी मिरजेच्या दिशेनं लागलेली असायची. घरी त्रिशलाबाई पाट मांडून बसलेल्या असायच्या. त्या आण्णांच्या आधी कधी जेवत नसत. तसा काही नियम नव्हता. लग्नानंतर सवय पडली ती पडली, आणि आता ती मोडायची तर कारण काय सांगायचं, असं त्या म्हणत. इतक्या वर्षांत आण्णांनी सूर्याची वेळ कधी चुकवली नव्हती. त्रिशलाबाईंना रस्त्यांचं काही कळत नसे, भाजीमंडईपलीकडची वाट त्यांना ठाऊक नव्हती, पण आण्णा कधी येणार हे त्या खिडकीतल्या उन्हाकडे बघून सांगत.

आणि मग एका दुपारी, सलगऱ्याहून परत येताना, बेडगच्या अलीकडच्या तिठ्यावर मितभाषी शांतपणे म्हणाला, “पुढे उजवीकडे वळा.”

आण्णांना पहिल्यांदा राग आला. हाताखालच्या माणसानं चार लोकांत चूक काढावी तसा. या तिठ्यावर ते तरुणपणापासून वळत आले होते. उजवीकडेच वळायचं होतं, ते त्यांना ठाऊक होतं, म्हणजे यंत्र बोलल्यावर लगेच ठाऊक झालं. त्याच्या आधीच्या क्षणी ठाऊक होतं का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. चार दिवसांनी आरगेजवळ तो पुन्हा बोलला. मग आठवड्याभरात आणखी दोनदा.

यंत्र बिघडलंय, असं म्हणून त्यांनी ते इलाहीभाईंकडे दिलं. नेता-आणता येणाऱ्या यंत्राची हीच तर सोय होती. इलाहीभाईंनी ते आपल्या गाडीला लावलं, दोन दिवस सगळीकडे फिरवलं आणि परत आणून दिलं.

“आण्णा, यंत्र ठणठणीत हाय की,” ते म्हणाले. “माझ्यापुढं चकार शब्द काढला न्हाई.”

आण्णा हसले, म्हणाले काचेवर धूळ बसली असेल, आणि मंडळात कुणी काही विचारायच्या आत सापळ्याच्या तुटलेल्या बरगडीची गोष्ट काढली. पण घरी येईपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ते घाबरले ते उगाच नाही. त्यांचे थोरले भाऊ आदगोंडा असेच गेले होते. आधी त्यांना मळ्याची वाट सापडेनाशी झाली, घरातले हसले. मग रात्री उठल्यावर न्हाणीघर सापडेना. शेवटी शेवटी त्यांनी आण्णांनाच विचारलं, की पाव्हणं कुठल्या गावचं? ते वाक्य आण्णांच्या मनातून कधी गेलं नव्हतं. आता काय होणार हेही त्यांना दिसत होतं. कळलं की आधी लेक फोन करणार, मग जावई, मग सगळे मिळून गाडीची किल्ली काढून घेणार. शाळा बंद, मंडळ बंद, दिवसभर दारातली खुर्ची. आणि त्रिशला दर सकाळी डोळ्यांत बघणार, आज ओळख आहे का म्हणून. त्यापेक्षा कुणाला कळूच नये, असं त्यांनी ठरवलं.

आवाज बंद करून भागलं नाही. बोलता आलं नाही तर मितभाषी दिवा लुकलुकवायचा, आणि तो दिवा आण्णांना आवाजापेक्षा जास्त टोचायचा. यंत्र काढून ठेवावं, तर कुठं गेलं म्हणून मंडळ विचारणार. तेव्हा एका सकाळी दाढी करताना त्यांचं लक्ष आरशाकडे गेलं. आरशाच्या कडेला त्रिशलाबाईंनी काढून चिकटवलेल्या टिकल्यांची रांग होती. सगळ्याच घरांतल्या आरशावर असते तशी. त्यातली एक मरून रंगाची टिकली आण्णांनी नखानं सोडवली, गाडीत गेले आणि मितभाषीच्या डोळ्यावर नीट दाबून बसवली. डोळा झाकला की त्याला माणूस दिसेना, आणि माणूस दिसला नाही की त्याला मत नाही. मितभाषी खरोखरचा मुका झाला. आण्णांना इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी ते गुणगुणत निघाले.

कवठेमहांकाळच्या पुढच्या एका शाळेत सूक्ष्मदर्शक पोचवून ते वेळेवर परत फिरले. ऊन अजून चांगलं होतं. एका फाट्यावर ते वळले, पुढे दुसऱ्या फाट्यावर वळले, आणि बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं काहीच ओळखीचं नाही. द्राक्षांचे मांडव होते, पण मांडव सगळीकडेच असतात. डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या, पण त्या उजव्या हाताला असायला हव्यात की डाव्या, हे त्यांना आठवेना. डोक्यात जिथे नकाशा असायचा, तिथे हात घातला तर काही लागत नव्हतं. त्यांनी गाडी थांबवली. शेजारून एक माणूस मोटारसायकलवरून गेला, पण त्याला हाक मारून मिरज कुठं म्हणून विचारायचं, हे त्यांच्या जिभेवर येईना. मितभाषी काचेवर गप्प बसला होता, कपाळाला कुंकू लावल्यासारखा.

शेवटी एका एसटीच्या मागोमाग हमरस्त्याला लागून, पाट्या वाचत ते घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. स्वयंपाकघरात दोन ताटं झाकून ठेवलेली होती आणि त्रिशलाबाई पाटावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आण्णांनी चप्पल काढता काढता सांगून टाकलं, की टायर पंक्चर झालं, इलाहीकडे जाऊन काढलं, त्यात वेळ गेला. त्रिशलाबाई बरं म्हणाल्या. त्यांनी ताटातली भाकरी डब्यात ठेवली, आमटी झाकून ठेवली आणि दिवा मालवला. दोघंही उपाशी झोपले. आण्णांना भूक जाणवत नव्हती, पण शेजारी त्रिशलाबाई पाणी न पिता कुशीवर वळल्या ते त्यांना जाणवलं, आणि लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दोघं बस्तीत दर्शनाला निघाले. बस्ती म्हणजे जैन मंदिर. इकडे तसंच म्हणतात. घरापासून गाडीनं अगदी थोडं अंतर. त्रिशलाबाई पुढच्या सीटवर बसल्या, पदर सावरला, आणि त्यांची नजर काचेवर गेली. हात लांब करून त्यांनी टिकली काढली आणि बोटावर धरून पाहिली.

“ही माझी टिकली इथं कशाला?” त्यांनी विचारलं.

आण्णांनी गाडी चालू केली. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आली. गिरणीच्या पुढे रस्ता दोन बाजूंना फुटतो. आण्णांचा पाय ब्रेकवर गेला.

“पुढे डावीकडे वळा,” मितभाषी म्हणाला.

ज्या रस्त्यानं ते दोघं रोज जात होते, लेकीच्या लग्नाचं पहिलं आमंत्रण देवापुढे ठेवायला ज्या रस्त्यानं गेले होते, त्या रस्त्यावर. मितभाषी कधी बोलतो आणि कधी नाही, हे आण्णांनी त्रिशलाबाईंना इतक्यांदा फुशारकीनं सांगितलं होतं, की आता समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. आण्णांनी डावीकडे वळवून गाडी रस्त्याच्या कडेला लावली.

“काल पंक्चर नव्हतं,” त्रिशलाबाई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. “तुम्ही येईनात म्हणून मी इलाहीभाईंना फोन केला होता. गाडी आलीच नाही म्हणाले.”

“मग काल बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून.”

आण्णांनी मान खाली घातली. मग त्यांनी सगळं सांगितलं: बेडगचा तिठा, आरग, इलाहीभाईंची परीक्षा, पवनचक्क्या. आदगोंडांचं नाव आल्यावर त्यांचा आवाज फुटला. त्रिशलाबाईंना भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

“तुम्ही वाट विसरलात त्याचा मला राग नाही,” त्या म्हणाल्या. “मला तर ती कधी ठाऊकच नव्हती. पण तुम्ही माझीच टिकली घेऊन माझ्यापासून लपवलंत. मी उपाशी राहिले ते चालेल. कशासाठी उपाशी आहे ते तरी मला ठाऊक पाहिजे.”

मग त्या खाली उतरल्या आणि दोघं बस्तीपर्यंत चालत गेले.

मिरजेला दवाखान्यांची वाण नाही. डॉक्टर नसरीन मुजावर मेंदूच्या विकारांच्या. बोलायला स्पष्ट, पण घाई न करणाऱ्या. मितभाषीनं साठवलेली सगळी माहिती त्यांनी आपल्या पडद्यावर उतरवून घेतली, रक्त तपासलं, डोक्याचं चित्र काढलं, आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. आण्णांच्या मेंदूत एक चिकट प्रथिन साठायला लागलं होतं. हा आजार सगळ्यात आधी जिथे हात घालतो ती जागा म्हणजे वाट शोधणाऱ्या पेशींची वस्ती. नावं, चेहरे, हिशेब यांची पाळी फार नंतर येते. पूर्वी लोक दवाखान्यात यायचे ते नावं विसरायला लागल्यावर; तोपर्यंत निम्मं घर पडलेलं असायचं. आता औषध होतं. ते प्रथिन धुऊन काढायचं आणि पुढचं नुकसान बरंच थोपवायचं. गेलेलं सगळं परत येईल याची हमी नव्हती.

“पण आण्णा, तुमचं फार गेलेलंच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या त्या यंत्रानं तुम्हाला माझ्याकडे वेळेवर पाठवलंय. तुम्ही ते लपवून ठेवलंत तेवढे दिवस वाया गेले, एवढंच.”

आण्णा ओशाळले. किल्ली आता जाणार, असं धरून त्यांनी ती आधीच खिशातून काढून टेबलावर ठेवली होती. डॉक्टरांनी ती उचलली आणि त्रिशलाबाईंच्या हातात दिली. गाडी यांनी चालवायची, त्या म्हणाल्या, पण वाट तुम्हीच सांगायची. शाळा सोडायच्या नाहीत. औषध पेशींना वाचवेल, पण त्यांना काम दिलं नाही तर त्या वाचून करणार काय? मितभाषी काचेवर राहील, पण आण्णांच्या बाजूला तोंड करून, आणि ते मागतील तेव्हाच बोलेल.

त्रिशलाबाई आजवर गाडी चालवत असत ती भाजीमंडईपर्यंत. पहिले काही आठवडे काय झालं त्याची कल्पनाच करावी. आण्णा डावीकडच्या सीटवर बसून ब्रेक नसलेल्या जागी ब्रेक दाबत, उसाची ट्रॉली आली की डोळे मिटत, आणि वळण सांगायचं विसरून गिअर कसा टाकायचा ते सांगत. त्रिशलाबाईंनी एकदा गाडी थांबवून त्यांना मागे सापळ्याशेजारी बसायला सांगितलं आणि ते खरोखरच जाऊन बसले. आण्णांचा अभिमान दुखावला होता, ते घरी आल्यावर बोलत नसत. दर महिन्याच्या इंजेक्शननं दोन दिवस अंग मोडून यायचं. चांगले दिवस आणि वाईट दिवस असं आलटून पालटून चालू राहिलं.

मंडळात जायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. इलाहीभाई दोनदा घरी येऊन एकटेच परत गेले, तिसऱ्यांदा आले तेव्हा मात्र आण्णा त्यांच्याबरोबर गेले. चहा झाला, नेहमीप्रमाणे कुणाचा किती मुका याची बढाई सुरू झाली, आणि आण्णा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, की माझा बोलायला लागलाय. मग त्यांनी डॉक्टर मुजावरांनी सांगितलं ते जमेल तसं सांगितलं, टिकलीसुद्धा लपवली नाही. त्यावर लोक हसले, आणि आण्णाही हसले.

मंडळ उठल्यावर दोघं जण मागे रेंगाळले. एक निवृत्त बँकवाले गृहस्थ होते; आपला मितभाषी वर्षभर बोलला नाही असं ते नेहमी छाती फुगवून सांगत. त्यांनी आण्णांना हळूच विचारलं, की या डॉक्टरीणबाई कुठल्या वेळेला भेटतात. त्यांच्या यंत्रावर गेले तीन महिने रुमाल घातलेला होता. दुसऱ्या होत्या एक शिक्षिका, त्यांनी आपलं यंत्र माळ्यावरच टाकलं होतं. त्या संध्याकाळी दिवस बुडायच्या आत आण्णा घरी आले ते कितीतरी दिवसांनी बोलत आले. जेवताना त्यांनी त्रिशलाबाईंना सगळी हकीकत सांगितली, आणि इतके दिवस डावीकडच्या सीटवर तोंड फुगवून बसल्याबद्दल आपलं चुकलं हेही सांगितलं. त्रिशलाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्यानंतर बरंच सुधारलं. डॉक्टरांच्या पडद्यावर प्रथिनाचे डाग कमी दिसू लागले. आण्णा आता वळणाच्या आधी मोठ्यानं बोलून वाट सांगत: हा ओढा, मग शाळेची कमान, मग उजवीकडे. सांगता सांगता ती त्यांना स्वतःलाच पुन्हा दिसू लागे. त्रिशलाबाईंना पहिल्यांदाच कळलं, की त्यांचा नवरा इतकी वर्षं कुठून कुठे जात होता. रस्त्यावरच्या प्रत्येक गावात आण्णांना ओळखणारं कुणी ना कुणी निघायचं, आणि त्यांना ते आवडू लागलं.

थंडीच्या दिवसांत ते जतेकडच्या एका शाळेत गेले. सामान उतरवून, हेडमास्तरीणबाईंचा निरोप घेऊन निघायला थोडा उशीरच झाला. दिवस लहान. परतीच्या रस्त्यावर आण्णा खुशीत होते. पहिला फाटा त्यांनी बरोबर सांगितला, दुसराही सांगितला. तिसऱ्या ठिकाणी ते क्षणभर थांबले आणि डावीकडे म्हणाले. त्रिशलाबाईंनी डावीकडे वळवलं.

रस्ता अरुंद होत गेला. ज्वारीची रानं लागली, एक बंद पडलेली विटांची भट्टी लागली. भट्टी आण्णांच्या कुठल्याच रस्त्यावर नव्हती. त्यांनी तिरक्या नजरेनं त्रिशलाबाईंकडे पाहिलं. त्या निवांत गाडी चालवत होत्या. त्यांना सगळेच रस्ते सारखे. सूर्य ज्वारीच्या कणसांच्या थोडा वर होता. तोंडाशी वाक्य तयार होतं, इतकं सोपं की बोलायचीही गरज नव्हती: हा जवळचा रस्ता आहे, थोडं पुढे गेलं की लागतोच हमरस्ता. तेवढं म्हटलं असतं तर त्रिशलाबाईंनी विश्वास ठेवला असता. आणि मग घरी पोचेपर्यंत अंधार पडला असता, आणि पुन्हा दोन ताटं झाकून राहिली असती.

“त्रिशला, थांब,” आण्णा म्हणाले. “रस्ता चुकला. मघाच्या फाट्यावर मी डावीकडे म्हणालो ते चूक होतं. आता आपण कुठं आहोत, मला ठाऊक नाही.”

त्रिशलाबाईंनी गाडी एका बाभळीखाली घेतली आणि हँडब्रेक ओढला. मितभाषीचा दिवा मिणमिणत होता, विचारलं तर सांगेन अशा बेतानं. आण्णांनी त्याच्याकडे हात नेला.

“राहू द्या हो त्याला,” त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांनी पुढच्या काचेतून सूर्याकडे बघितलं, मग मागे वळून सीटखालची पिशवी ओढली. “वाट नंतर शोधा. ती कुठं पळून जात नाही. ऊन आहे तोवर आधी जेवून घेऊ.”

त्यांनी केव्हापासून डबा बरोबर आणायला सुरुवात केली होती, आण्णांना कळलंही नव्हतं. शाळूच्या भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, मुगाची उसळ होती आणि घट्ट दही होतं. दोघं रानाच्या बांधावर बसली. त्रिशलाबाईंनी भाकरी मोडून आण्णांच्या हातावर ठेवली आणि मग स्वतःला घेतली. आण्णांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा त्रिशलाबाईंनी तिखट लागलं का म्हणून विचारलं आणि त्यांच्या हातावर दही घातलं. रानातून एक बाई वैरणीचा भारा घेऊन आली, दोघांना बघून हसली आणि पाणी हवं का म्हणून विचारून गेली.

त्या दिवशी दोघंही सूर्य असताना पोटभर जेवली. कुठल्या गावच्या शिवारात, ते मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं.